बेझाबीच्या चवीची कॉफी

प्रिय वुबित,

नेकेम्तेला तुम्ही सगळे बरे असाल. हे पत्र डाकेत टाकत नाही, हल्ली फोडून वाचतात. ओळखीच्या माणसाच्या हाती देते आहे. एकटी असशील तेव्हाच वाच.

आईंचे गुडघे दुखतात, पण ह्यांची कॉफी भाजायला मला अजून हात लावू देत नाहीत. लग्न होऊन जिम्माला आले, त्या पहिल्याच दिवशी मला तव्यापाशी बसवून म्हणाल्या होत्या, "सूनबाई, बी तडतडली की तवा उतरायचा. दालचिनीचा रंग, त्यापुढे नाही. काळी केलीस तर माझा बेझाबी तोंड लावणार नाही." आणि हे खरंच लावत नसत. चिमूटभर मीठ, सतापाच्या पाल्याची काडी, बस. साखरेची कॉफी म्हणजे आजाऱ्याचं औषध, असं तुझा दादा म्हणायचा, आठवतं ना?

मेस्केलच्या सणानंतर ह्यांना शाळेतूनच उचलून नेलं, ते तुला ठाऊक आहे. भेट नाही, चिठ्ठी नाही. तुरुंगाच्या फाटकाशी शिपायाच्या हातात इंजेराचा डबा आणि कॉफीचा थर्मास द्यायचा, कालचे रिकामे घेऊन परतायचं. थर्मास रिकामा आला की आई तो उलटा करून हुंगायच्या आणि म्हणायच्या, "प्यायला गं!"

तिसऱ्या महिन्यात शिपाई पहिल्यांदाच बोलला. "बाई, तुमचा नवरा म्हणतो, कॉफी जरा काळी भाजा. आणि मीठ कसलं घालता? साखर घाला." मी धावतच घरी आले. आई आधी फुगल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "दगडी भिंतींचा गारठा असेल. जीव गोड मागत असेल लेकराचा." आयुष्यभर ज्यांनी पाहुण्यांसाठीसुद्धा काळी भाजली नाही, त्या रोज थोडी थोडी पुढे भाजू लागल्या. "अजून एक चटका द्या," असा निरोप आला. मग "करपली." मग एके दिवशी, "हां, आता जमली म्हणतो." त्या दिवशी आईंनी अंगणात जाऊन लग्नात घालतात तशी किलकारी घातली. तेव्हापासून घरात सगळे काळी, गोड कॉफीच पितो. ह्यांच्यासोबत प्यायल्यासारखं वाटायचं.

गेल्या मंगळवारी मेंगेशा नावाचे गृहस्थ आले. सुटून आलेले, ह्यांच्याच कोठडीतले. आई चर्चमध्ये होत्या. ते बसलेसुद्धा नाहीत. "बाई, मास्तर दुसऱ्याच महिन्यात तापाने गेले. माझ्या मांडीवर," म्हणाले. मी वेड्यासारखं विचारलं, "कॉफी पोचायची का?" म्हणाले, "पोचायची. मास्तर आम्हा सगळ्यांना एकेक घोट द्यायचे. ते गेल्यावर थर्मास आत आलाच नाही."

दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी गेले. शिपायाने हात पुढे केला. मी विचारलं, "कालची कशी होती?" माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "फर्मास होती, म्हणतो." त्याच्या मिशीला कॉफीचा डाग होता. वुबित, मी ओरडले नाही. थर्मास त्याच्या हातात दिला. भरलेला परत आणला असता, तर आईंना दारातच कळलं असतं. काल दिला, आजही दिला. त्या माणसाच्या जिभेसाठी आईंनी पाच महिने तव्यासमोर डोळे लाल करून घेतले, आणि उद्याही त्या घेतील.

मृतदेह मागायची सोय नाही. कुठे पुरलं, मेंगेशांनाही माहीत नाही. आणि इकडे आईंनी ठरवून टाकलंय की, फासिकाच्या सणाला तो सुटणार. निवडक बी वेगळी काढून ठेवलीय. मी तीन दिवस सांगायला तोंड उघडते आहे. रोज सकाळी त्या धुरकटलेला तवा माझ्या नाकाशी धरतात आणि विचारतात, "आवडेल ना गं त्याला?" मी म्हणते, "आवडेल." माझ्याने हे सांगवत नाही, वुबित. तू त्यांच्या पोटची आहेस. मिळेल त्या गाडीने ये आणि आईंना सांग.

तुझीच,
येशी वहिनी