पांढऱ्याची खांदेमळणी

२ जून, सोमवार
सुट्टी. ब्रेमेन शहर पाहिलं. चौकात ब्राँझचं गाढव आहे, पाठीवर कुत्रा, त्यावर मांजर, त्यावर कोंबडा. गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरून मनातलं मागायचं असतं. लोकांनी धरून धरून पाय लख्ख केलेत. मी एकाच हाताने धरला, दुसऱ्या हातात पोळीचा डबा. मागची म्हातारी हसून इंग्रजीत म्हणाली, एका हाताने धरलं तर एका गाढवाने दुसऱ्या गाढवाला रामराम केल्यासारखं होतं. दिवसभरात माझ्याशी बोललेली ती एकटीच. मागायचं राहून गेलं.

मागायचं काय तेही ठरत नाही. हाइकेबाईंनी, म्हणजे आमच्या तबेल्याच्या मालकिणीने, काल नवा करार हातात ठेवला. आणखी दोन वर्षं. १५ जुलैपर्यंत सही, नाहीतर सप्टेंबरात घरी. मनीषाला फोनवर सांगितलं. म्हणाली, "तुमी ठरवा. आमी काय सांगायचं." हे वाक्य नवऱ्याला किती जड जातं ते बायकांना बरोबर माहीत असतं.

५ जून, गुरुवार
फौजेत सतरा वर्षं घोड्यावर बसलो. दफेदार म्हणून बाहेर पडलो. इथं मोतद्दार. लीद काढायची, खरारा करायचा, खोगीर चढवून घोडा बाईंच्या हातात द्यायचा. नऊ महिन्यांत एकदाही रिकिबीत पाय घातला नाही. बाई त्यांच्या घोड्याला, फाल्कोला, रिंगणात जागच्या जागी दुडकी घालायला लावतात, तिरका चालवतात, आणि मी कडेला बादली घेऊन उभा. पाय आपोआप घोट्यात वळतात. मेंदूला कळलंय, पायांना नाही.

वडिलांना, आप्पांना, फोनवर सांगत होतो की याला ड्रेसाज म्हणतात. म्हणाले, "म्हंजी वरातीत घोडी नाचवत्यात तसंच की रं." वाद घातला नाही. थोडं तसंच आहे.

फाल्को पांढराशुभ्र. मी त्याला पांढऱ्या म्हणतो. त्याच्या दाराशी लाल अक्षरात पाटी आहे : विचारल्याशिवाय घोड्याला काही देऊ नये, काही लावू नये. पहिल्या दिवशी मारेकने बोट ठेवून वाचून दाखवली होती. मारेक माझा जोडीदार, पोलंडचा, साठीचा. माणूस चांगला, पण दिवसाला दहा शब्द.

९ जून, सोमवार
सुट्टी. दोन गाड्या बदलून समुद्र बघायला गेलो. समुद्र जागेवर नव्हता! नुसता चिखल, पार क्षितिजापर्यंत, आणि लोक त्यात अनवाणी फिरतायत. फळ्यावर वेळ लिहिली होती, पाणी इतक्या वाजता येईल. म्हणजे यांच्या समुद्रालाही आवर्तन आहे. फरक इतकाच की इथलं पाणी लिहिलेल्या वेळेला येतं. आमच्या कवठे महांकाळकडं कालव्याच्या आवर्तनाची वाट बघण्यात माणूस म्हातारा होतो. हा विनोद सांगायला शेजारी कुणी नव्हतं. इथं लिहिला.

पाणी आलं. पाऊण तास बघितलं. आलो.

१३ जून
आप्पांचा फोन. आमचा बैल हरण्या बरा आहे. खिलार जोडीतला तो एकटाच राहिलाय, त्याचा जोडीदार गेल्या थंडीत गेला. शेतात आता ट्रॅक्टर फिरतो, हरण्याला काम काहीच नाही. गावातले म्हणतात, देऊन टाका. आप्पा म्हणतात, "मलाबी काय काम हाय? मला कुटं देताय मग?"

अनूने फोन घेतला. "पप्पा, जेवला का?" आणि पळाली. आठ वर्षांची आहे. पाहुण्याशी बोलावं तशी बोलते.

२२ जून, रविवार
मारेक रजेवर. बाई बाहेरगावी. आज तोंडातून शब्द गेले ते फक्त पांढऱ्याशी, आणि मराठीत. 'व्हय' म्हटलं की डावा कान वळवतो. 'न्हाई' म्हटलं की काही नाही. एकूण माझ्याशी सहमत असतो.

त्याचंही बरं नाही. इथं घोडे एकमेकांना भेटत नाहीत, लाथ बसेल, खरचटेल म्हणून. दोघांमध्ये गज. एवढं महागडं जनावर आणि मान खाजवायला कुणी नाही.

लय एकटं वाटतंय. लिहून टाकलं, आता झोपतो.

३० जून, सोमवार
सुट्टी होती पण कुठं गेलो नाही. फार मोठी गोष्ट झाली.

बाईंनी बोलावून विचारलं, फौजेत कोणत्या घोड्यांवर बसायचास. सांगितलं सगळं, हातवारे करून. म्हणाल्या, ११ ते १२ जुलैला फाल्कोची स्पर्धा आहे, वर्षभर त्यासाठी राबतेय. ती झाली की रविवारी तू त्याच्यावर बस. नुसता चालव, पण बस.

खोलीत येऊन एकटाच हसलो. मग मनीषाला फोन. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजी सही करणार तुमी." मी म्हणालो, अजून ठरलं नाही. "आवं, तुमचा आवाज सांगतोय की."

८ जुलै, मंगळवार
उद्या महाराष्ट्र बेंदूर, बैलांचा सण. आज खांदेमळणी. दुपारी इथं साडेतीन, तिकडं तिन्हीसांज. अनूने व्हिडिओ लावला. आप्पा हरण्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होते. चोळताना दोनदा थांबले, हात भरून आला होता. दम टाकून म्हणाले, "जलमभर जू वढलंय, एक दिस तरी त्याचं खांदं मळावं मान्सानं. तुझ्या घोड्याचं मळतोस का न्हाई? त्यो बी राबतोयच की."

राबतो खरा.

मनीषाने दिलेली सांगलीच्या हळदीची पुडी पेटीत होती. लोणी इथं काय, दुकानभर. वाटीत कालवलं आणि पांढऱ्याकडं गेलो. दोन्ही खांदे मळले, आप्पांसारखे, अंगठ्याने खालून वर. तो आधी बिचकला, मग हळूहळू मान खाली आणली आणि डोकं माझ्या खांद्यावर टाकून उभा राहिला. डोळे मिटलेले. वजन केवढं! हललो नाही. दहा महिन्यांत मला कुणी एवढं टेकलं नव्हतं. रडलो थोडा, घोडा काय सांगणार कुणाला.

वर झूल घातली, आप्पांना कळवलं. बेंदूर झाला माझाही.

९ जुलै, बुधवार
सकाळी झूल काढली. दोन्ही खांदे पिवळेजर्द.

हरण्याही पांढराच. पण बैल पिवळा झाला तर आम्हाला तो सजला असं वाटतं, म्हणून डोक्यात आलंच नाही. परवा स्पर्धा! आणि पाटी. दहा महिने रोज वाचलेली पाटी काल डोळ्यांना दिसली नाही.

बाई यायला अर्धा तास. घाबरून खोलीतून माझा कपडे धुवायचा साबण आणला आणि घासत सुटलो. हळदीला असला साबण लागला की काय होतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक असतं. हळदीच्या हाताने धुणं धुतलं की फेस लाल होतो. मला त्या वेळी आठवलं नाही. खांदे लालभडक झाले, पाणी लाल, माझे हात लाल. बाई दारातून आत आल्या आणि किंचाळल्या. त्यांना ते रक्त वाटलं.

जनावरांचा डॉक्टर आला. जखम नाही म्हणाला. काय लावलंय? हळद. त्यात आणखी काय आहे? हळदच. पुडीवर काही लिहिलेलं नाही, घरात कुटलेली. बाईंनी पुडी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाल्या, अंगाला काय लागलंय ते मी स्पर्धेवाल्यांना लिहून देऊ शकत नसेन तर घोडा नेणार नाही. नाव काढून घेतलं. ओरडल्या नाहीत. फक्त पाटीकडं बोट केलं आणि गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांचं अख्खं वर्ष मी मातीत घातलं.

१० जुलै
बाई दिसल्या की मान खाली घालून लीद काढतो. कराराचं काय, विचारायची हिंमत नाही. रविवारचा तर विषयच संपला.

मारेक जेवताना शेजारी येऊन बसला. म्हणाला, आमच्या गावात नाताळच्या आदल्या संध्याकाळी जनावरांना गुलाबी पापडी भरवतात, त्या रात्री ती बोलतात म्हणे. मी विचारलं, कधी बोलली? म्हणाला, बारा वर्षं झाली, त्या दिवशी मी गावी नसतो. दहापेक्षा जास्त शब्द झाले. उठून गेला.

१२ जुलै, शनिवार
आप्पांचा फोन. "पांढऱ्यानं काय केलं रं?" पारावर सगळ्यांना स्पर्धेचं सांगून बसले होते. मी म्हणालो, लय भारी नाचला. "मग! खांदं मळल्याव नाचंल न्हाई तर काय." एवढे खूश झाले की पुढं खरं सांगवेना. फोन ठेवल्यावर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पांशी खोटं बोललो, तेही हळदीवरून.

१३ जुलै, रविवार
सकाळी पांढऱ्याला खोगीर चढवून रिंगणाशी आणला. लगाम बाईंच्या हातात द्यायला गेलो. त्यांनी हात पुढं केला नाही. म्हणाल्या, रविवार म्हणाले होते ना मी. बस.

बसलो.

सांगता येत नाही. वरून त्याचे दोन्ही खांदे दिसत होते, मळकट गुलाबी. दोन फेऱ्या नुसतं चालवलं. तिसरीला बाई म्हणाल्या, दुडकी घे. पाठ ताठ झाली, टाचा खाली गेल्या, सगळं जागच्या जागी होतं. सतरा वर्षं कुठं गेली नव्हती.

उतरल्यावर बाई म्हणाल्या, त्याच्या खोलीत कॅमेरा आहे, तुला माहीत नव्हतं का? मंगळवारचं सगळं बघितलं. म्हणजे माझं रडणंही. म्हणाल्या, सहा वर्षं तो माझ्याकडं आहे, माझ्या खांद्यावर कधी डोकं टाकलं नाही. मग म्हणाल्या, पुढच्या वर्षी मला विचार. स्पर्धा झाल्यावर कर. मलाही शिकव. करार तसाच आहे, मंगळवारपर्यंत.

राग गेलाय असं नाही. नमस्काराला उत्तर दिलं नाही.

१४ जुलै, सोमवार
सुट्टी. कुठंही गेलो नाही. आप्पांना फोन करून खरं सांगितलं. मग म्हणाले, "माझ्यामुळं झालं व्हय रं हे?" नाही म्हणालो. चार वेळा म्हणालो. शेवटी, "बसाय मिळालं न्हवं? मग झालं."

नंतर मनीषा फोन घेऊन बाहेर ओट्यावर आली. आवाज खाली. "आप्पांचा उजवा हात वर जात न्हाई आता. परवा खांदं मळून झाल्याव मलाच इचारत हुते, फुडच्या बेंदराला हरण्याचं कोण मळणार." मग स्वतःच म्हणाली, "मी काय सांगत न्हाई. तुमी ठरवा."

१५ जुलै, मंगळवार
सकाळचा खरारा झाला. पांढऱ्याने डोकं टेकलं. आज दहापर्यंत बाई ऑफिसात आहेत. कागद उशीखालून काढून टेबलावर ठेवलाय, पेन शेजारी.

पेटी आवरताना हळदीची पुडी हाताला लागली. अर्धी उरली आहे. एका जनावराचे खांदे होतील एवढी.