ससाण्यांची वाट

२ ऑक्टोबर
घारी दोन. ससाणा एकही नाही! वर बघून बघून मान पार आखडली. माझ्याबरोबर टेकडीवर मोजायला बसतात ते दातांचे डॉक्टर. निवृत्त झालेत, पण बोलताना अजून समोरच्याच्या दातांकडेच बघतात. म्हणाले, "आयुष्यभर बत्तीसच्या वर मोजलं नाही हो. यंदा तरी मोजू द्या!"

३ ऑक्टोबर
ढग. काही नाही.

५ ऑक्टोबर
घरात धुसफूस. टेकडीवर पवनचक्क्या उभ्या करायच्या की नाही, ते आमच्या मोजणीवर ठरणार. आणि पवनचक्क्यांचा इंजिनिअर कोण? माझा नवरा! कधीपासून राबतोय त्या आराखड्यावर. स्थलांतर करणाऱ्या ससाण्यांचे थवे इथूनच जातात असं दिसलं, तर त्याचं काम बंद.
भाजी चिरता चिरता त्याने विचारलं, "आज किती?"
"एक."
"अरे वा!"
एवढा आनंद? तडक गॅलरीत जाऊन उभी राहिले. तिथेही सवयीने वरच बघत!

८ ऑक्टोबर
कशात लक्ष नाही. दूध उतू गेलं. ससाणे यावेत असं वाटतं — आणि आले तर याच्या कामाचं काय? मी नक्की कुणाच्या बाजूने आहे?

११ ऑक्टोबर
घाईत लिहितेय. अक्षर कसलं हे!
सुट्टी, म्हणून तो डबा घेऊन वर आला. "तुझं रिकामं आकाश बघायला आलो." मी दुर्बीण पुसत होते, डॉक्टर डब्यात डोकं घालून बसलेले. तो एकदम उठून उभा राहिला. मग हळूच —
"अगं, वर बघ. उजवीकडे. ढगाच्या कडेला."
आधी मिरपूड उधळावी तसे ठिपके. मग गरगरत वर चढणारा खांबच! आमच्या आधी त्याला दिसले. तो बोलला नसता तर? आम्ही जेवत बसलो असतो आणि ते निघून गेले असते.
डॉक्टर ओरडले, "डावीकडचे कोण घेतंय?"
"मी घेतो," तो म्हणाला.
तिघंही मोजत सुटलो. दहादहाचे घोळके धरून. दोन हजारांच्या वर! डॉक्टर चक्क रडले. उतरताना त्याने माझी दुर्बीण स्वतःच्या गळ्यात घातली.

१२ ऑक्टोबर
आकडा पाठवण्याआधी त्याला दाखवला.
"माझे सहाशे चाळीस होते. तू सहाशेच लिहिलेस. दुरुस्त कर."
केले.

२० ऑक्टोबर
पवनचक्क्या रद्द! डॉक्टर फोनवर नुसते ओरडत होते.

२१ ऑक्टोबर
कंपनी त्याला परदेशी पाठवतेय, तीन वर्षांसाठी. मी म्हटलं, मीही येते.
"नको," तो म्हणाला. "तू इथेच राहा."
आवाजात राग नव्हता. असता तर भांडता आलं असतं.