डिरेक्टरीला पाय लागला

वादी अदाई, मस्कत
२० फेब्रुवारी २००३

तीर्थस्वरूप माईस,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, जयवंतीचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच घे. प्रत्यक्ष आडवे पडणे इथे हल्ली फार झाले आहे, ते पुढे सांगते.) तुझा गुडघा कसा आहे? गेल्या शिमग्याला अंगणात पडलीस, तेव्हापासून तू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेले नाहीस, असे वहिनी फोनवर म्हणाल्या. ऐकून जीव खालीवर झाला. पण मी कोणत्या तोंडाने बोलणार? न्हाणीघरात घसरल्यापासून मीही भिंत धरूनच चालते. म्हणून तर प्रतापने मला गुहागरहून, तुझ्या शेजारच्या घरातून, उचलून इथे आणले आणि बजावले, तोल सावरेपर्यंत परत जायचे नाही, नाही सावरला तर कायमची इथेच राहा. मुलाचे घर सोन्यासारखे आहे गं, पण खिडकीतून नुसते उघडे डोंगर दिसतात आणि त्यांच्याशी भांडता येत नाही. तुझ्याशी येते.

तर सूनबाईने, म्हणजे रेखाने, इथल्या रुवी भागात एक वर्ग शोधून काढला. म्हाताऱ्यांना न पडायला शिकवण्याचा! मला वाटले, बसवून चार गोष्टी सांगतील, शेवटी चहा देतील. अगं, कसचे काय! पहिल्याच दिवशी रेखाने मला साडीवर बूट घातले. पांढरे, नाडीचे! आरशात पाहिले आणि तिथेच घेरी यायची बाकी राहिली. शिकवणारी तस्नीम मूळ दापोलीकडची, पण जन्म इथला, वयाने आपल्या नातीएवढी. म्हणाली, "मावशी, यल्ला, चला, एक पाय उचला." चारचौघांत! आणि त्यांत पुरुषसुद्धा! माझ्या शेजारी हुसैनमियाँ (श्रीवर्धनचे, मत्रहच्या बाजारात त्यांचे कापडाचे दुकान आहे) आधीच बगळ्यासारखे उभे होते. पुढच्या आठवड्यात तर कहरच झाला. म्हणे, जमिनीवर आडव्या व्हा आणि उठून दाखवा. न पडण्यासाठी आलेल्या बाईला ही पोरगी आधीच आडवी करते! हुसैनमियाँ म्हणाले, "जयवंतीबाय, उठवायला अल्ला हाय, पन बसायचा आपल्यालाच लागतो." मग मीही बसले, आडवी झाले. उठताना तोंडातून जो आवाज निघाला तो तू ऐकला नाहीस हे बरे.

एक गोष्ट मात्र मी काही केल्या करीना. खुर्ची सोडून वाकायचे आणि खालची वस्तू उचलायची. ते जमले की तस्नीम प्रतापला होकार देणार आणि माझे तिकीट निघणार. ती रोज पेन्सिल खाली टाकी. मी रोज म्हणे, तुझी आहे, तूच उचल. (घरची ओढ एवढी, पण हाताला कोण समजावणार? तो खुर्ची सोडेचना.)

आणि काल काय झाले ते ऐक. चढायला-उतरायला म्हणून तस्नीमने खाकी कागदात बांधलेले ठोकळे मांडले होते, कडेला धरायला खुर्च्या. मी पहिल्या ठोकळ्यावर पाय दिला, कागद टरकन फाटला आणि आत अक्षरे! ठोकळे कसले, जुन्या इंग्रजी टेलिफोन डिरेक्टऱ्या! माई, माझा पाय, तोही बुटासकट, पुस्तकावर! पाटीला पाय लागला की आप्पा कसे बघत, ते आठवते ना? पाय तसाच वर उचलला, एका पायावरच वाकले, डिरेक्टरीला हात लावला, कपाळाला लावला, डोळ्यांना लावला. एवढ्यात मागून हुसैनमियाँ "तौबा! छापील कागद पायाखाली?" म्हणत तीच डिरेक्टरी उचलायला वाकले आणि आमची डोकी दाणकन आपटली. हॉलमध्ये किंकाळी उठली. पण दोघांपैकी कोणीच पडले नव्हते.

तस्नीम पांढरीफटक. "मावशी, तुमचे हात कुठे आहेत?" मी पाहिले तर जोडलेले होते! खुर्ची बाजूला राहिली होती आणि मी आपली उभी. मला रडूच फुटले. ती बिचारी लाकडी ठोकळे अजून आले नाहीत म्हणून माफी मागत होती, आणि हुसैनमियाँ डिरेक्टरी कपाटावर उंच ठेवून, कपाळावरचे टेंगूळ चोळत म्हणाले, "खलास! बाय आता गावाला जातंय." प्रतापने आज तिकीट काढले. इन्शाल्ला (इथे सगळेच म्हणतात, माझ्याही तोंडी बसले) शिमग्याच्या आत पोचते. पडण्याची भीती आता मुळीच उरलेली नाही, हे घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखव.

तुझी,
जयवंती

ता. क. विमानतळावर चाकांची खुर्ची सांगितली आहे. भीतीने नव्हे, रांग लागत नाही म्हणून.

आणखी एक. दोघींच्या न्हाणीघरांत भिंतीला धरायची दांडी बसवून घे. कोणी विचारले तर टॉवेलसाठी आहे म्हण.

आणि हे मात्र कोणाला वाचून दाखवू नकोस. मला घ्यायला फाटकापर्यंत तू ये. मुलांना पाठवू नकोस. रिक्षातून उतरायला पाय फार खाली टाकावा लागतो आणि तो सराव तस्नीमने घेतलेला नाही. तू हात दिल्याशिवाय मी उतरणार नाही, रिक्षावाला कितीही ओरडो. अंगण ओलांडायला तुला किती भीती वाटते ते माझ्याइतके कोणाला कळणार? पण मला धरायला म्हणून ये. एकदा हात हातात आला की कोणी कोणाला धरले आहे, ते आपल्या दोघींनाच ठाऊक.