वाडीला जाऊन आले

अल मनखूल, दुबई
दत्तजयंतीचा दुसरा दिवस

ती. सुचित्रामावशीस,

ईशानीचा नमस्कार. साष्टांग लिहिलं असतं, पण उजवा गुडघा सध्या तेवढा वाकत नाही आणि खोटं लिहायची मला सवय नाही. (गुडघ्याचं पुढे येईल.) तुझी कंबर, काकांची साखर आणि गच्चीवरची टाकी, तिन्ही ठीक असतील असं धरते. टाकीचा व्हॉल्व्ह पुन्हा गळत असेल तर काकांना हातोडी देऊ नकोस. मी बरी आहे.

एक विनंती आधीच करते. हे पत्र तुझ्या सवयीप्रमाणे मोठ्याने वाचू नकोस. कारण योग्य जागी येईल. तोवर मनात वाच, आणि जमलं तर चेहरा सरळ ठेव.

पत्राचं निमित्त आपला दिवाळीतला करार. अट तुझी होती: मी इथल्या मंडळाबरोबर एक, फक्त एक सहल करायची. नाही आवडली तर तू मला पुन्हा 'माणसांत जा' म्हणणार नाहीस, कुणाच्या भाच्या-पुतण्याचा फोटो पाठवणार नाहीस. व्हॉट्सॲपवर मी अंगठा दाखवून सुटते, म्हणून अहवाल कागदावर आणि सविस्तर हवा, ही पुरवणी अटही तुझीच. सहल काल झाली. मला माझी सुटका हवी आहे. हा अहवाल.

सगळ्या घोटाळ्याचं मूळ एका शब्दात आहे. मंडळाचे सचिव चारुदत्त यांनी (विमा विकतात, श्वास घ्यायला थांबले की माणसं टाळ्या वाजवतात, इतकं लांब बोलतात) ग्रुपवर इंग्रजी अक्षरांत संदेश टाकला, की शनिवारी 'वाडी डे' आहे, आपापलं घेऊन यावं. इथल्या अरबीत वाडी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे गोटे, आणि त्यातून वाटाड्याच्या मागे चालायचं, त्याचे रीतसर पैसे भरायचे. हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण मंडळात याआधी मोदक डे, मिसळ डे आणि थालीपीठ डे झालेले आहेत, आणि इंग्रजी अक्षरांत वाडी आणि वडी यांत काहीही फरक नाही. त्यामुळे बसपाशी पोचले तेव्हा अर्ध्या बायकांच्या हातात पाण्याच्या बाटल्या होत्या आणि अर्ध्यांच्या हातात अळूवडीचे डबे. संपदावहिनींनी तर कोथिंबीरवडीचं अख्खं पातेलं आणलं होतं आणि पायांत उंच टाचांच्या चपला होत्या. (त्यांना वाटलं होतं, स्पर्धा आहे. बक्षीस कोण देणार हे त्या बस सुटेपर्यंत विचारत होत्या.)

हा पहिला गैरसमज. तो खाऊन संपवता येतो. दुसरा तसा नव्हता.

संपदावहिनींचे यजमान राजनदादा. त्यांच्या आई, गिरिजाआजी, कुरुंदवाडहून व्हिजिटवर आल्या आहेत. कुरुंदवाडच्या माणसासमोर नुसतं 'वाडी' म्हटलं तर जगात एकच वाडी असते, हे मी तुला मिरजेत सांगायला नको. राजनदादांनी गुरुवारी फोनवर दुसऱ्याच कुणाशी बोलता बोलता मधेच सांगितलं, आई, शनिवारी वाडीला जायचंय, तयार राहा. शनिवारी दत्तजयंती. आजी लग्न होऊन आल्यापासून दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीला गेलेल्या नाहीत असं एकही वर्ष नाही, आणि यंदा मुलाने नेमकं याच महिन्याचं तिकीट काढलं म्हणून त्या आल्यापासून त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. ते सगळं त्या क्षणी विरघळलं. पोराला आठवण आहे. त्यांनी एका शब्दाने काही विचारलं नाही, नऊवारी काढली आणि वर नातीचे जुने कॅनव्हासचे बूट घातले.

तू म्हणशील, दुबईहून नरसोबाची वाडी मोटारीने कशी येईल? हा प्रश्न मलाही पडला. आजींचं गणित असं, की विमान येताना जेवण वाढून ताटं उचलेपर्यंत पोचलं होतं, म्हणजे अंतर फार नसावं. आणि इकडचे रस्ते चांगले आहेत. चुकीचं गृहीत एकदा मान्य केलं तर यात कुठेही तर्कदोष नाही.

राजनदादांना बसमध्ये कळलं. आजींनी पिशवीतून फुलांची पुडी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, अभिषेकाची पावती तिथंच फाडायची का इथून ऑनलाइन. ते कापराच्या वासाइतके पांढरे पडले (वासाला रंग नसतो, पण तू त्यांना पाहायला हवं होतंस) आणि म्हणाले, तिथंच, आई. मोठ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. मग मागे माझ्या शेजारी येऊन म्हणाले, "ईशानी, तूच काहीतरी कर. तुझा चेहरा सीरियस आहे."

आता इनाया. ही आमची वाटाडी. शारजात वाढलेली, हिंदी आणि अरबी दोन्ही पाण्यासारखं बोलते, आणि मंडळींमध्ये मला त्या दिवशी समजलेली एकमेव व्यक्ती, कारण ती वाक्यं छोटी बोलते. तिचे नियम दोन. डोक्यावर हेल्मेट, आणि प्रत्येक थांब्यावर तिच्यासमोर पाणी प्यायचं. जो पिणार नाही त्याला ती पुढे नेणार नाही, आणि एकाला मागे ठेवता येत नसल्यामुळे सगळ्यांना परत नेणार. वयस्कर माणसामागे एक जोडीदार, त्याने त्यांच्या पाण्याकडे बघायचं. मी एकटी आले होते, म्हणून आजी मला मिळाल्या. हमरियातल्या कारखान्यात मी दिवसभर दाबमापकं तपासते. गेज खोटं बोलतंय का, बोलत असेल तर किती, हे सांगणं माझं काम. एका आजींच्या पाण्याकडे बघणं त्यामानाने सोपं वाटलं.

पहिल्याच थांब्यावर मी बाटली पुढे केली. आजी म्हणाल्या, "दर्शन झाल्याबिगर पाणी न्हाई बघ पोरी. आजच्या दिवशी कधीच न्हाई."

तेव्हा परिस्थिती नीट समजून घे. दर्शन नाही तर पाणी नाही. पाणी नाही तर कुणालाच पुढे जाता येणार नाही. आणि ज्या देवाचं दर्शन हवं तो कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, अरबी समुद्राच्या पलीकडे. मी आजींपुढे उभी राहून बाटली तोंडाला लावली, इनायाला लांबून कोण पितंय ते दिसलं नाही. हे खोटं नव्हतं. मला तहान लागली होती.

इनाया निघताना दरवेळी 'यल्ला' म्हणते, म्हणजे चला. इथे उठता-बसता सगळेच म्हणतात. आजींनी ते पहिल्यांदा ऐकलं, दोन्ही हात जोडले आणि खणखणीत आवाजात 'उदो गं आई' म्हणाल्या. त्यांच्या मते मुलगी सौंदत्तीकडची असावी, यल्लम्माची भक्त, चेहऱ्यावरून कळतंच. इनायाला वाटलं मराठीत होकार असा देतात. पुढच्या प्रत्येक 'यल्ला'ला आजी 'उदो' म्हणाल्या, मग बायका म्हणू लागल्या, मग पुरुष, आणि कड्यांत आवाज असा घुमायला लागला की वरून उतरणारा एक जर्मन ग्रुप टोप्या काढून बाजूला उभा राहिला.

आजींना वाडी पसंत पडत नव्हती. घाट कुणी बांधला नाही, पेढ्यांची दुकानं नाहीत, नदीला टिपूस नाही. "यंदा धरणातनं सोडलं न्हाई वाटतं," एवढंच म्हणून त्या चालत होत्या. (नऊवारीत त्या गोट्यांवरून माझ्यापेक्षा सरळ चालत होत्या. वाडीच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथली सवय.) सगळ्यात मोठा धोका त्यांच्या नातीचा, अस्मीचा. ती नऊ वर्षांची आहे आणि सत्य बोलते. "आज्जी, धिस इज अ व्हॅली. देअर इज नो टेम्पल हिअर." आजी मायेने म्हणाल्या, "तुझी शाळा विंग्रजी, तुला कसं ठावं असणार." राजनदादांनी अस्मीला संपदावहिनींबरोबर पुढे पाठवलं. टाचा तुटल्यामुळे वहिनी तोवर चपला हातात घेऊन कुणाचे तरी मोजे घालून चालत होत्या.

दुसऱ्या थांब्यावर इनाया जवळ आली. तिने आजींचे ओठ बघितले, मग माझी रिकामी बाटली बघितली, आणि आजींना विचारलं, "पानी खलास, आजी?" आजी म्हणाल्या, "मी कशाला खलास हुतीय? तू हो पुढं." इनायाने मला बाजूला घेतलं आणि छोट्या वाक्यात सांगितलं, की पुढच्या वळणाशी आजी प्यायल्या नाहीत तर ट्रिप संपली, गाडी मागवेन, चौकशी होईल, माझं लायसन्स जाईल. तिचं बरोबर होतं. आजी बोलायच्या कमी झाल्या होत्या, हात गरम लागत होता. मी तिच्या जागी असते तर पहिल्या थांब्यालाच परत फिरवलं असतं.

ते वळण आलं. मावशी, इथून पुढे मी फक्त जे दिसलं ते लिहिते. डावीकडून एक कोरडी नदी येऊन उजवीकडच्या कोरड्या नदीला मिळत होती. संगमावर एक झाड होतं, रानअंजिराचं. (अंजीर आणि औदुंबर एकाच घराण्यातले, वनस्पतिशास्त्राचं पुस्तक काढून बघ.) झाडाखाली सपाट खडक, आणि खडकात दोन लांबट खळगे शेजारी शेजारी. पुराच्या पाण्यात गोटे गरगर फिरून असे खळगे पडतात, भूगोलात त्यांना रांजणखळगे म्हणतात. इथले रांजणासारखे नव्हते. पावलांसारखे होते.

आजी थांबल्या. झाडाकडे बघितलं, खडकाकडे बघितलं. राजनदादा कुठल्या तरी मोठ्या धोंड्याच्या आड गेले होते. आजींनी मला विचारलं, "पोरी, तू शिकलेली हाईस. खरं सांग. हीच का वाडी?"

मी म्हणाले, "होय आजी. हीच वाडी."

वाटेच्या तोंडाशी असलेल्या बोर्डावर तसं लिहिलेलं आहे, अरबीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे वाडीच. मी शब्दाचा अर्थ कुठला घ्यायचा ते सांगितलं नाही, एवढंच. आजींनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "बरं. तू म्हणतीस तर हीच."

मग त्यांनी फुलं वाहिली. आरती म्हणणार, तोच इनाया धावत आली आणि म्हणाली, इथे उघड्यावर पूजा चालत नाही, मला फाइन पडेल. मी आजींना सांगितलं, इथे मौनात दर्शन घ्यायची पद्धत आहे. आजींना ते पटलं (गर्दी आवरायला बरं, म्हणाल्या). पण प्रदक्षिणा घालणारच. सासूबाई घालत आहेत म्हणून संपदावहिनी लागल्या, वहिनी लागल्या म्हणून बाकीच्या लागल्या, आणि सगळं मंडळ हेल्मेटं घालून, गप्प, रानअंजिराभोवती फिरू लागलं. इनायाने विचारलं हे काय. मी सांगितलं, स्नायू मोकळे करायचा व्यायाम आहे, आमच्याकडे शेकडो वर्षांपासून करतात. यातही चूक काढता येणार नाही. तिसऱ्या फेरीला माझा गुडघा खडकावर आपटला. आजींनी पिशवीतून आणलेला नारळ राहिला. तो फोडता येत नव्हता. पण चारुदत्तांनी वाटाड्याच्या सत्कारासाठी शाल आणलेली होती आणि श्रीफळ घरी विसरले होते. (प्रस्तावना केली. 'मान्यवर' हा शब्द कड्यांवरून इतक्यांदा परत आला की शेवटी खरोखर सभा भरल्यासारखं वाटलं.) तर शाल मंडळाची आणि नारळ दत्ताचा असा इनायाचा सत्कार झाला. ती का कोण जाणे, रडली. लायसन्समुळे असावं.

मग आजींनी पाणी मागितलं. एका दमात माझी दुसरी बाटली संपवली, तोंड पुसलं आणि प्रसाद कुठाय विचारलं. पातेलं आलं. आजींनी स्वतःच्या हाताने प्रत्येकाला वाडीची वडी दिली. कुतूहलाने आमच्या मागोमाग परत आलेल्या जर्मनांनाही.

तर निष्कर्ष. सहल केली. गोंगाट होता, शिस्त नव्हती, नियोजन सदोष होतं, आणि परतताना बसमध्ये मला न विचारता मंडळाची 'जल-अधिकारी' म्हणून टाळ्यांच्या गजरात निवडण्यात आलं. हा प्रकार माझ्या स्वभावाला मानवणारा नाही. करार पूर्ण झाला, तू तुझी बाजू पाळावीस.

काकांना नमस्कार. गुडघ्याला हळद लावली आहे.

तुझी,
ईशानी

ता. क. : पुढच्या महिन्यात मंडळ दुसऱ्या वाडीला जाणार आहे. मी नाव दिलं आहे. पद रिकामं ठेवता येत नाही म्हणून. याचा वेगळा अर्थ काढू नकोस. अळूवडीला चिंच किती घालतेस ते मात्र कळव.

ता. क. २ : हे पत्र तुला हातात आणून देणाऱ्या, आणि बहुधा आत्ता तुझ्यासमोर बसून चहा पिता पिता तुझ्या चेहऱ्याकडे बघणाऱ्या बाई म्हणजे गिरिजाआजी. मोठ्याने का वाचायचं नव्हतं ते आता कळलं असेल. पाकीट मी कारखान्यातल्या सीलच्या टेपने बंद केलं आहे. फाटलेलं असलं तर मात्र काही करू नकोस, फक्त चहा आणखी दे. कुरुंदवाडात आजींनी सगळ्यांना सांगायचं ठरवलं आहे की यंदाही दत्तजयंती चुकली नाही, वाडीचं एक ठाणं तिकडेही आहे, आणि ते एका इंजिनिअर पोरीने तपासून सांगितलं आहे. लोक हसतील, म्हणून त्या साक्षीला तुझ्याकडे आल्या आहेत. प्रत्येक गेज थोडं खोटं बोलतं, मावशी. चालण्याजोगं आहे की नाही एवढंच आम्ही बघतो. त्या तुला विचारतील, तुझी भाची खरं बोलती न्हवं? होय म्हण. ते दोन्ही भाषांत बरोबर आहे.