ओलेतीचं कपाट बदललं

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा, म्हणजे तुमच्याच शब्दांत सांगायचं तर त्या गोगलगाईचा, नमस्कार. मामींनाही सांगा. तुमचा खोकला कसा आहे? मामींनी फोनवर ‘आता अगदी बरा’ असं सांगितलं, पण मागून तुमच्या खोकण्याचा आवाज येत होता, तेव्हा दोघांपैकी कुणाचं खरं मानावं ते कळेना. इकडे सगळे खुशाल. बायको पूर्वीसारखीच तलावावर लोकांना पोहायला शिकवते, लेक गणितात पुढे आहे आणि बोलण्यात त्याहून पुढे. माझं काय चाललंय ते सांगायला हे पत्र. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच ‘बरं, मग?’ असं विचारता आणि माझं उरलेलं सगळं पोटातच राहतं.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या प्राण्यांची धूळ झाडायची, सुटलेलं पीस चिकटवायचं, चोचीचा उडालेला रंग परत द्यायचा, काचेचा डोळा सैल झाला तर नीट बसवायचा. (मामी याला मेलेल्यांचं ब्यूटी पार्लर म्हणतात. त्यात चूक काढण्यासारखं काही नाही.) गेल्या महिन्यात आमच्या प्रमुख बाई हातमोजे घालून आल्या, त्यांनी दुर्मीळ पक्ष्यांचं कपाट उघडलं, एक पक्षी काढून माझ्या हातात दिला आणि समोरच्या कपाटात ठेवायला सांगितलं. समोरचं कपाट नामशेष झालेल्यांचं. पक्षी कोण, तर आपली ओलेती. पाटीवर तिचं नाव इतकं लांब आहे की वाचेपर्यंत माणूस पुढच्या कपाटाशी पोचतो. ओलेती हे नाव तुम्ही ठेवलेलं, कारण भर उन्हातही ती नुकतीच न्हाऊन आल्यासारखी दिसायची. तुमच्या घरामागच्या दलदलीत, लव्हाळ्यात, आपण दोघं पोटावर पडून तिला बघत असू. तुम्ही मला श्वाससुद्धा जपून घ्यायला लावायचात.

दोन कपाटांमध्ये बोळाएवढी वाट आहे. ओलेतीला वजन असं नव्हतंच, आत कापूस आणि तार. तरी मामा, ती वाट मला संपेना. वरच्या झरोक्यातून तिरपं ऊन आलं होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि काचांमागून सांबरापासून साळिंदरापर्यंत सगळे माझ्याकडे बघत होते. झोपलेलं मूल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेताना आपण चालतो ना, तसा मी चाललो होतो, जाग येऊ नये म्हणून. आणि जाग आली तर किती बरं, असंही वाटत होतं. मग तिला ठेवलं, दार लावलं, किल्ली फिरवली. बाई म्हणाल्या, ‘झालं.’ एवढंच. एक अख्खी जात जगातून गेली त्याचा आवाज कपाटाच्या किल्लीएवढा.

घरी येऊन मी जाहीर केलं की आजपासून आपण असं जगायचं, की आपल्यापायी कुठलाही जीव त्या कपाटात जाता कामा नये. मांस-मच्छी बंद, अंडं बंद, गाडी बंद, गरम पाण्याखाली तासन्‌तास उभं राहणं बंद, बाहेरचा दिवा बंद (दिव्यापायी पतंग वाट चुकतात), अंगणातलं गवत कापणंही बंद. बायको शांतपणे म्हणाली, ‘मी दिवसभर गार पाण्यात उभी असते. गरम पाणी माझ्याकडे राहू दे, पृथ्वीचं तुम्ही बघा.’ लेकीने दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ताटलीतल्या कोरड्या पावाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘बाबा, तुम्ही आज अंडं खाल्लं नाही, तर नक्की कोण वाचलं?’ मी म्हटलं, कुणीतरी वाचलं असेल. ती म्हणाली, ‘कुणीतरी म्हणजे कोण?’ मी पाव चघळत राहिलो. काही प्रश्नांना पाव फार उपयोगी पडतो.

गाडी बंद केल्यावर सायकल आली. आता झालं असं, की एका पाणमांजराची मिशी मी घरी बसून दुरुस्त करत होतो (मिशीचं काम निवांत करावं लागतं), आणि ते परत न्यायचं होतं. मी त्याला कॅरिअरवर बसवलं आणि पट्ट्याने बांधलं. सुरुवातीला फार छान वाटलं. सकाळची हवा, उताराचा रस्ता, मागे पाणमांजर. कुणीतरी पोहायला निघालंय आणि आपण त्याला सोडायला चाललोय, असं वाटत होतं. त्या नादात वळणावरचा खड्डा दिसला नाही. मी एका बाजूला, सायकल दुसऱ्या बाजूला आणि पाणमांजर रस्त्याच्या मधोमध, चारही पाय वर. क्षणात गर्दी जमली. माझ्याकडे कुणी बघेना. एका बाईंनी गळ्यातली ओढणी काढून पाणमांजराच्या डोक्याखाली घातली. समोरच जनावरांचा दवाखाना होता, तिथले डॉक्टर धावत आले, गुडघ्यावर बसले, छातीवर कान ठेवून ऐकू लागले. मी सांगायचा प्रयत्न करत होतो, पण त्यांनी मला हाताने गप्प केलं. मग त्यांनी पापणी उघडायला बोट लावलं आणि डोळाच त्यांच्या हातात आला. डॉक्टर पांढरेफटक पडले. हलक्या आवाजात म्हणाले, ‘गेलंय बिचारं.’ मी म्हटलं, ‘हो, माझ्या आजोबांच्या काळातच.’

गर्दी जमली त्याहून लवकर पांगली. (ओढणीवाल्या बाईंनी ओढणी झटकून परत घेतली, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू पाणमांजर मीच मारलं होतं.) पण पुढे सायकल ढकलत जाताना माझ्या मनात येत होतं, की इतक्या लोकांनी कामं टाकून एका जीवासाठी हात पुढे केले. माणसं वाईट नाहीत मामा. फक्त जीव त्यांच्या रस्त्यात येऊन पडावा लागतो. ओलेती कुणाच्या रस्त्यात पडली नाही.

अंगणाचं सांगायचं राहिलं. गवत वाढलं ते कमरेपर्यंत. आमच्या समोर एक कप्तान राहतात, जहाजावरून निवृत्त झालेले. त्यांचं अंगण डेकसारखं, एक पातं दुसऱ्याहून उंच नाही. त्यांनी आधी खाकरून पाहिलं, मग कात्री उसनी देऊ केली, मग आमच्या गवतात नक्की विंचू असणार असं बायकोच्या कानावर घातलं. शेवटी एका संध्याकाळी, दिवेलागण झाल्यावर, टॉर्च घेऊन स्वतःच आले. मी पायरीवर बसलो होतो. अंधार नुकताच गवतात उतरत होता. कप्तान बोलायला लागले, की आमच्या अंधारामुळे अख्खी गल्ली बुडाल्यासारखी वाटते, आणि बोलता बोलता टॉर्चच्या झोतात एक पतंग आला. पिवळसर, तळहाताएवढा. मग दुसरा. कप्तानांनी टॉर्च विझवला आणि ते पायरीवर माझ्या शेजारी बसले. रातकिडे आधी अडखळत आणि मग सगळे मिळून गाऊ लागले. गवतात काहीतरी टुणकन उडी मारून गेलं, बेडूक असावा. बऱ्याच वेळाने कप्तान म्हणाले, ‘समुद्रावर रात्री इंजिन बंद पडलं की असं ऐकू यायचं. म्हणजे काहीच नाही, आणि सगळंच.’ आणि उठून गेले. गवताचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही. त्यांच्या दारातला दिवाही आता जरा लवकर मालवतो, पण ते कदाचित बिल वाचवत असतील.

ही बातमी मी आमच्या प्रमुख बाईंना अभिमानाने सांगितली आणि लेकीचा तो प्रश्नही त्यांच्यापुढे ठेवला. बाई गोड बोलत नाहीत. म्हणाल्या, ‘पतंग आले ते खरं आहे. ताटातलं मांस कमी झालं तर कुठेतरी जंगल कमी तुटतं, तेही खरं. पण फार थोडं, आणि कुठे ते तुम्हाला कधी दिसणार नाही. ओलेती तुमच्या दिव्यामुळे गेली नाही. तिच्या दलदली एकेक करून बुजवल्या गेल्या, आणि प्रत्येकाची दलदल छोटीच होती.’ मग काचेवरून फडकं फिरवता फिरवता त्यांनी सहज विचारलं, ‘तुमच्या ओळखीत कुणाकडे शिल्लक आहे का एखादी दलदल?’ मी म्हटलं, बघतो. त्या दिवसापासून मी बघतोच आहे. काम करताना ब्रश हातात तसाच राहतो, आणि मी तुमच्या लव्हाळ्यात पोटावर पडलेला असतो, कोपरं ओली, आणि तुमचा हात माझ्या पाठीवर, उठू नकोस म्हणून.

असो. सहज लिहायला बसलो होतो, फार लांबलं. प्रकृतीला जपा. खोकल्यासाठी वाफ घ्या. मामींना सांगा, पार्लर व्यवस्थित चालू आहे.

तुमचा भाचा,
गोगलगाय

ता. क. एक किरकोळ गोष्ट विचारायची राहिली. मामी फोनवर म्हणाल्या, की घरामागची दलदल भरून घ्यायचं ठरलंय, गाड्या लावायला जागा होईल, आणि रविवारी यंत्र येणार आहे. मामींचं ऐकण्यात काही चुकलं असेल, असं मी धरून चाललो आहे. चुकलं नसेल तर यंत्रवाल्याला फक्त एवढंच सांगा, की अजून थांब. ओलेती आता तिथे नाही, मला ठाऊक आहे, मीच तिला कपाटात ठेवलं. पण बेडूक असतील, चतुर असतील, ज्यांना तुम्ही अजून नाव ठेवलेलं नाही असे कितीतरी असतील. मी अंडं सोडून कोण वाचलं ते मला लेकीला सांगता आलेलं नाही. तुम्ही यंत्र परत पाठवलंत तर कोण कोण वाचलं ते तिला बोट दाखवून सांगता येईल. हे पत्र खरं म्हणजे एवढ्याचसाठी होतं.

ता. क. (भाचेसुनेकडून.) मामा, पाकीट बंद करायला दिलं म्हणून वाचलं. यांच्या लिहिण्यात थोडी दुरुस्ती. बाहेरचा दिवा यांनी बंद केला नाही, तो कधीचाच गेला होता आणि आणतो आणतो म्हणत राहिला होता. गवतही व्रत घेण्याआधीपासूनच कापलेलं नव्हतं. अंडं परवा माझ्या डब्यातलं खाल्लं. पण पतंग आले, ते खरं. कप्तान रोज येऊन पायरीवर बसतात, तेही खरं. रविवारी आम्ही सगळे तुमच्याकडे येतोय. यंत्राच्या समोर जाऊन बसायचं यांनी ठरवलंय. जमिनीवर बसले की यांना उठवायला दोन माणसं लागतात. तेव्हा तेवढी एक खुर्ची दलदलीच्या काठावर काढून ठेवा. दोन काढल्यात तर एकीवर तुम्हीही बसा.