पिवळा पट्टा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.
एकतीस वर्षं कंपनीत बॉयलर सांभाळला. परवा रिटायर. आजपासून सेकंड करिअर: मच्छीविक्री. दमयंतीचा घोटा मुरगळलाय, डॉक्टरांनी आठवडाभर उठू नको म्हटलंय. बोईसरच्या बाजारातली तिची जागा तिला सासूकडून, म्हणजे माझ्या आईकडून आली. आमच्यात मच्छी विकायला बायकाच बसतात. जागा तासभर रिकामी दिसली तर दुसरा कुणी येऊन पाटी मांडतो, आणि मग ती परत मिळत नाही. दमयंती म्हणाली, तुमी नुसते बसा, कुनाला काय शिकवू नका. मी मान डोलावली. नाहीच जमलं तर तिसरं करिअर. माणसानं लवचिक असावं.

संध्याकाळी.
पहिला दिवस यशस्वी. सुरमई कापताना अंगठा कापला. रक्त पापलेटांवर उडालं. एक बाई म्हणाली, ताजी दिसतायत.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
साडेबारा ते दीड लंच. कंपनीची शिस्त मोडणार नाही. परत येतो तर शेजारच्या जमनाची परात वीतभर माझ्या हद्दीत. जाब विचारला. म्हणाली, भावजी, परात हाय म्हनून जागा हाय, जेवा सावकाश. उर्मटपणा. आईच्या जागेसाठी मी मुडदे पाडीन.

५ नोव्हेंबर, बुधवार.
पिवळा ऑइलपेंट आणला. दोन इंची पट्टा मारला, लाइनदोरीत. कंपनीत पिवळ्या पट्ट्यापलीकडे मॅनेजरही पाय टाकत नसे. जमना म्हणाली, रांगोळी बरी जमली, भावजी.
लंचहून आलो. परात पट्ट्याच्या दोन वीत आत. लाथ घातली. परातीत जिवंत चिंबोऱ्या होत्या. एक पायाच्या अंगठ्याला लटकली. लोक म्हणतात मी नाचलो. नाचलो नाही. एका पायावर माघार घेतली. नख गेलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
आज रक्तपात अटळ होता. लंचनंतर परात अर्ध्या जागेत. मी पाटीतली सापासारखी लांब वाम शेपटीला धरली आणि चाबकासारखी फिरवली. वाम बुळबुळीत. हातातून सुटली आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर बसली. गिऱ्हाईक म्हणजे आमचे जुने मॅनेजर, प्रदीपसाहेब. ते बराच वेळ कोळंबीत चष्मा शोधत होते. मला ओळखलं नसावं.
मग जमनाने मुशी, म्हणजे हातभर शार्क, उचलली आणि माझ्या गालावर ठेवून दिली. मुशीचं कातडं कानशीसारखं असतं. गाल सोलला, डावी दाढ हलतेय. मी उलट हात उचलला नाही. बाईमाणूस आहे. शिवाय वाम साहेबांकडे होती.
निश्चय: शनिवारी शेवट करायचा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
आमच्या कंपनीचा वीकली ऑफ शुक्रवारी. म्हणून माझाही. दिवसभर कोयतीला धार लावली. दमयंतीने विचारलं, आज घरी का? सांगितलं. ती घोट्याची पट्टी सोडायची थांबली. म्हणाली, सुट्टीची सगळी कामगार मंडली आजच मच्छी घेतात ना. मी म्हणालो, गर्दीत शिस्त राहत नाही. तिने पट्टी पुन्हा घट्ट बांधायला घेतली. बहुतेक पटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार.
हेल्मेट घालून गेलो. परात माझ्या जागेच्या मधोमध. कोयती उगारून ओरडलो, परातीसकट खांडोळी करीन. पुढचं पाऊल बर्फाच्या पाण्यात पडलं. कोयती उडून माझ्याच हलवा माशात रुतली, मी हेल्मेटसकट खांबावर. शुद्धीवर आलो तेव्हा मानेवर बर्फ होता. जमनाचा. एका हातात फोन धरून ती बोलत होती. बाय, ये गो तू. लंगडत ये, पन ये.

९ नोव्हेंबर, रविवार.
दमयंती काठी टेकत आली. मला उभं केलं आणि जमनाला विचारलं, जागा हाय का गेली?
जमना म्हणाली, हाय. रोज साडेबाराला हा मानूस जेवायला उटतो तवा मी परात सरकवते. शुक्रवारी अंडीवाला टेम्पो घेऊन आलता, दोन जागांवर एकटी पसरून बसले. त्यालाबी मुशीच दिली. बाय, तुजी जागा राखली, पन ह्यांची दाढ नाय राखता आली.
दमयंतीने जमनाचा हात धरला. माझ्याकडे न बघता म्हणाली, थिनर आना.
दुपारभर उकिडवा बसून पट्टा खरवडला. जमना पाय उचलून वाट देत होती. अर्धाच निघाला.
नवीन करिअर ठरलं: डबा पोचवणे. वेळ साडेबारा, दोघींचा. शुक्रवारीसुद्धा.
शुक्रवारी का, असं विचारायला तोंड उघडलं. दोघींनी एकदमच मुशीकडे बघितलं.
आणतो म्हटलं.