दीपगृहातलं घड्याळ

प्रिय ठमे,

अक्षर पाहून हसू नकोस. एकेक ओळ सोडून लिहितोय, त्यामुळे कागद जास्त लागतील, पण सांगायलाही पुष्कळ आहे. परवा आमच्या ज्येष्ठ मंडळींची सहल जुन्या दीपगृहावर गेली होती. आम्ही सोळा जण आणि गडबड शाळेच्या सहलीसारखी. आमचे निवृत्त पोस्टमास्तर तर शिंगं मोडून वासरांत शिरल्यासारखे सगळ्यांच्या पुढे. मला आपलं निघाल्यापासून एकच कुतूहल होतं, की वीज नव्हती तेव्हा एवढा थोरला दिवा फिरवायचं कोण?

तर घड्याळ. अगं, खरोखरचं घड्याळ, आपल्या दुकानातल्या कपाटाएवढं, फक्त काटे नसलेलं. साखळीला टांगलेलं वजन हळूहळू खाली उतरायचं आणि त्याच्या ओढीनं दिवा फिरायचा. दर चार तासांनी चावी. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, पण त्यांचं हे थोरलं भावंड कधी भेटलं नव्हतं. माहिती देणाऱ्या बाईंना मी प्रश्न विचारून भंडावून सोडलं, तेव्हा हात टेकून त्यांनी ते चालवूनच दाखवलं. मी कान टवकारले. दर फेऱ्याला एकदा टिकटिक जराशी लंगडत होती. म्हटलं, बाई, मोठ्या चाकाचा एक दाता झिजलाय. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं, तर खरंच. पोस्टमास्तरांनी लगेच जाहीर केलं, की या वयात नजर असावी तर अशी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. बाईंनी विचारलं, हा दाता नीट करून द्याल का, आता हे काम जाणणारं कुणी मिळत नाही. मी हो म्हणून बसलो.

मग सगळे बाहेरच्या सज्जात गेलो. समोर एक तांबडं जहाज चाललं होतं म्हणे. छान आहे, असं मीही म्हणालो. ठमे, मला जहाज दिसलंच नाही. समुद्र कुठे संपतो तेही कळलं नाही. उतरताना एकशे बारा पायऱ्या भिंतीला हात लावून मोजल्या.

गेल्या महिन्यात तुझं घड्याळ मी भाग मिळत नाही म्हणून परत पाठवलं, ती थाप होती. भाग खणातच आहे, मला स्क्रू दिसला नाही. गिऱ्हाइकाशी जन्मात पहिल्यांदा खोटं बोललो आणि गिऱ्हाईक निघालीस तू. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर ऑपरेशनसाठी सहा महिने मागे लागलेत आणि आहे ती नजरही गेली तर, या भीतीनं मी टाळत आलोय. पण त्या बाईंना शब्द देऊन बसलोय. काल दवाखान्यात जाऊन पुढचा सोमवार ठरवला. सोबत घरचं माणूस लागतं म्हणाले. मला भीती वाटते गं. येशील? आणि तुझं घड्याळ दुसऱ्या कुणाकडे टाकलं नसशील तर घेऊन ये.

तुझाच, थापाड्या
बाबा